आपल्या माणसाचं माप

नंदनवन, नागपूर
रविवार, १२ जून १९८८

कवडू,

आशीर्वाद लिहिते. घ्यायचा की नाही ते तू ठरव. दोन वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि मीही हट्टाने लिहिली नाही. आपण एकाच आईची लेकरं आहोत याला आणखी पुरावा नको.

पत्राला कारण बाबांचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. गेल्या आठवड्यात दारात पोस्टमन उभा होता, त्याला बाबा म्हणाले, "ये गा कवडू, उन्हात काहून उभा हायेस?" बिचारा पोस्टमन तुझं कार्ड त्यांच्या हातात देऊन गेला. हैदराबादहून तू महिन्याला पाठवतोस ते कार्ड मीच त्यांना वाचून दाखवते.

मंगळवारी त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. चिठ्ठी काढायला सकाळी सातपासून रांगेत उभे होतो. नऊला खिडकी उघडली. केसपेपर आता कंप्युटरवर निघतात. साडेनऊपर्यंत रांग भराभर सरकली आणि मग जी थांबली ती थांबलीच. खिडकीतली बाई पडद्याकडे बघत बसली होती. एक अक्षर दाबलं की ते उमटायला इतका वेळ लागे की ती मधल्या वेळात पदराने वारा घेत होती. आमच्या मागे रामटेकहून पहिल्या एसटीने आलेली एक बाई होती, कडेवर तापाने फणफणलेलं पोर. ती ओरडली, "चालून राह्यलं का नाई वं बाई तुमचं डबडं?" आमची चिठ्ठी निघाली तेव्हा पावणेबारा झाले होते. एवढा वेळ बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

मधेच त्यांनी विचारलं, "प्रेमा, हे कंप्युटर कोनाचं वं?"

मी म्हटलं, "सरकारचं."

"कवडूवालं नाई ना?"

"नाही."

"मंग ठीक," ते म्हणाले. लोक शिव्या देत होते त्या यंत्राला तुझा हात लागलेला नाही, एवढ्यावर म्हाताऱ्याचं समाधान झालं. माझं झालं नाही. कारण त्या यंत्रात तुझा कर्नेल घालायचा की कंपनीचा, हे ज्या चाचणीने ठरलं ती मी केली होती.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "पन ते अडकते काहून?" मी त्यांना आपल्या चौकातल्या पिठाच्या गिरणीवरून सांगितलं. गिरणी एक आणि डबे अनेक. कोणाचा डबा आधी ओतायचा, कोणाला मधेच थांबवायचं, हे ठरवणारा जो गिरणीवाला, तोच यंत्राच्या पोटातला कर्नेल, सगळ्यांना पाळी वाटून देणारा प्रोग्राम. कंपनीचा गिरणीवाला गव्हाचं पोतं ओतलं की बराच वेळ तेच दळत बसतो, पावशेर डाळ घेऊन आलेली बाई उभीच. तुझा गिरणीवाला पोतं मधे थांबवून डाळवालीला आधी मोकळं करतो. पण दरवेळी गिरणी झाडावी लागते, त्यात वेळ जातो, म्हणून त्याचं दिवसाचं पीठ कमी निघतं.

"मंग चांगला कोनता?"

"ते गिरणीवर कोण आलंय त्यावर आहे, बाबा."

तू म्हणशील, हे उत्तर मार्च ८६ मध्ये खरेदी समितीला दिलं असतंस तर! म्हण. पण तेव्हा आमच्या सरकारी कंप्युटर केंद्रात जे नियम होते त्यांनी मी चाचणी केली. सोळा टर्मिनलांचं काम दोन्ही कर्नेलना सारखं दिलं, सारख्या घड्याळाने मोजलं. कंपनीच्या कर्नेलला एक्केचाळीस मिनिटं लागली, तुझ्याला अठ्ठावन्न. आकडे मी तयार केले नव्हते. हिंगण्याच्या शेडमध्ये तू आणि केशवने दीड वर्ष खपून तो बनवला होता, हे मला माहीत होतं. शेडला कुलूप लागलं, केशव भंडाऱ्याला गेला, तू कोणाला न सांगता हैदराबाद गाठलंस, याचं मला वाईट वाटलं. पण परीक्षकाने वाईट वाटून घेऊन मार्क द्यायचे नसतात.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १४ जुलैला आहे. आलास तर त्यांना बरं वाटेल. मी त्या दिवशी समोर नको असेन तर तसं कळव.

तुझी
प्रेमाताई


रविवार, ३ जुलै १९८८

कवडू,

बाबांना तुझं कार्ड आलं. "ऑपरेशन करून घ्या, घाबरू नका." म्हणजे माझं पत्र तुला मिळालं आणि तू ते वाचलंस. तेवढं पुरे.

परवा मी रजा टाकली आणि दवाखान्यात गेले. बाबांसाठी नाही. आमच्या केंद्रातल्या श्रीधरकडून स्टॉपवॉच मागून घेतलं आणि केसपेपरच्या तीन नंबरच्या खिडकीत, त्या बाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसले. मीराबाई त्यांचं नाव, पन्नाशीच्या आहेत, आधी वीस वर्षं हाताने रजिस्टर लिहीत होत्या.

"तुमी कोन?" त्यांनी विचारलं.

"हे मशीन दवाखान्यात यायच्या आधी मी तपासलं होतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "खुर्चीवर बसून तपासलं असन. इथं रांगेत उभं राहून तपासाले पाह्यजे होतं."

मी गप्प बसले. मी गप्प बसले हे वाचून तुला हसू येईल, कारण नाकावर माशी बसू न देणारी तुझी ताई तुला माहीत आहे.

मी मोजत होते आणि मीराबाई काम करत होत्या. नाव टाइप केलं की थांबायचं. "गाव कोनतं?" समोरचा म्हातारा कमी ऐकणारा. पुन्हा विचारायचं. "वय किती गा बुवा?" "लिवा ना, साठ-सत्तर." "साठ का सत्तर?" मग म्हातारा मागे वळून मुलाला विचारणार, मुलगा हसणार. अर्धं मिनिट गेलं. मग दोन बोटं दाबायची आणि पुन्हा थांबायचं. एका मिनिटात मीराबाई जेमतेम दहा सेकंद टाइप करतात. उरलेली पन्नास सेकंदं यंत्राला त्यांच्याकडून काहीच नको असतं. पण ज्या क्षणी त्या बोट दाबतात त्या क्षणी उत्तर हवं असतं, कारण म्हातारा समोर उभा आहे.

साडेनऊला औषधभांडाराचा रोजचा अहवाल सुरू झाला. ते गव्हाचं पोतं. मीराबाईंचं बोट दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत मी मोजलं: सतरा सेकंदं, एकवीस, चोवीस. एकदा एकतीस. बाहेर रांग दरवाज्यापर्यंत गेली होती.

घरी येऊन माझी जुनी चाचणी काढली. सोळा टर्मिनलांवर सोळा माणसं बसली आहेत असं मी धरलं होतं. माणसं कुठली, त्या सोळा स्क्रिप्टा होत्या, एकामागून एक हुकूम सोडणाऱ्या, दम न खाणाऱ्या, गाव न विचारणाऱ्या. मी गिरणीवर सोळा बायका उभ्या केल्या नव्हत्या, सोळा पोती ठेवली होती. सोळा पोत्यांत तुझा गिरणीवाला इकडून तिकडे धावत राहिला आणि सतरा मिनिटं मागे पडला. आकडे बरोबर होते. त्यांचा दवाखान्याशी काही संबंध नव्हता.

माझी चूक झाली. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

आता कामाचं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आणखी अकरा दवाखान्यांत हीच यंत्रं बसायची आहेत. कोणत्या कर्नेलसह, ते समिती १० सप्टेंबरला कायम करणार, आणि एकदा कायम झालं की दहा वर्षं कोणी त्याला हात लावत नाही, तुला सरकारचं माहीत आहे. तुझा कर्नेल पुन्हा मोजायची मागणी मी करणार आहे. पण आमच्याकडची तुझ्या कर्नेलची टेप केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला वापरली गेली. जगात तिची दुसरी प्रत असेल तर ती तुझ्याकडे. ती पाठव.

प्रेमाताई


रविवार, २४ जुलै १९८८

कवडू,

ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटली. चष्मा ऑगस्टच्या शेवटी मिळेल, मग वाचता येईल असं डॉक्टर म्हणाले. तू आला नाहीस. बाबांनी दोन दिवस दाराकडे कान लावला आणि मग सोडून दिलं.

डोळ्याला पट्टी असली की माणूस फार ऐकतो. मी दवाखान्यात जाऊन काय मोजलं, का मोजलं, सगळं त्यांना सांगितलं. ते उताणे पडून होते. मग विचारलं, "त्या वक्ती कवडूचं माप कोनं केलं होतं?"

"मी."

"तू काहून केलं?"

कवडू, इतवारीच्या धान्यबाजारात छत्तीस वर्षं मापारी म्हणून काटा धरणाऱ्या माणसाची आपण मुलं. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हे आपण शाळेत जायच्या आधी शिकलो. आणि दुसरं शिकलो ते हे, की आपल्या माणसाचं माप आपण करायचं नाही. मामा उमरेडहून तूर घेऊन आला की बाबा काट्यापासून बाजूला व्हायचे आणि दुसऱ्या मापाऱ्याला हाक मारायचे. मला वाटायचं, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून ते असं करतात.

त्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं. नवीन होते तेव्हा एकदा मामाची तूर त्यांनीच मोजली होती. व्यापारी बघत होते. कोणी म्हणू नये की मेव्हण्याला झुकतं माप दिलं, म्हणून त्यांनी प्रत्येक पोत्यामागे शेरभर कमी धरलं. मामाला काट्याकडे बघूनच कळलं. त्यानंतर तो सात वर्षं आपल्या दारात आला नाही.

"लोकायले वाटते आपल्या मान्सासाठी हात हलका होते," बाबा म्हणाले. "नाई वं. जड होते. आन आपल्याले वाटते आपन लय इमानदार. इमान नसते ते. आपलं तोंड उजळ ठेवाची हाव असते."

तेव्हापासून झोप नाही. म्हणून आता खरं लिहिते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की सुचलं नाही. ते खोटं. मला आपणहून सुचलं नव्हतं, पण तुला सुचलं होतं, आणि तू केंद्रात सगळ्यांसमोर मला सांगितलं होतंस, "ताई, माणूस थांबते. तुही स्क्रिप्ट थांबत नाई." मी तुला काय म्हटलं तेही तुला पाठ असेल. "उमेदवाराने परीक्षकाला शिकवू नये." तू टेपचं झाकण लावलंस आणि निघून गेलास.

तुला पुढचं माहीत नाही. त्याच आठवड्यातल्या रविवारी मी एकटी केंद्रात गेले. स्क्रिप्टांमध्ये थांबे घातले. कुठे चार सेकंदांचा, कुठे दहाचा, कुठे तीसचा, माणूस थांबतो तसे. बाजूला एक मोठा अहवाल चालू ठेवला आणि मोजलं. कंपनीच्या कर्नेलला टर्मिनलवर उत्तर द्यायला सरासरी बावीस सेकंदं लागली. तुझ्याला दोन. माझा विश्वास बसला नाही, मी चारदा मोजलं. मला रडू आलं, कवडू. आनंदाने आलं. दोन पोरं गेल्यावर तू झालास, दृष्ट लागू नये म्हणून आईने तुला सुइणीकडून कवडीला विकत घेतलं आणि कवडू म्हटलं. कॉलेजात तुझ्या नावाला लोक हसायचे. मला वाटलं, आता बघा म्हणावं.

ते आकडे मी टाइप केले. अहवालातलं पान नऊ.

सोमवारी आमचे संचालक गोपाळराव चहाच्या वेळी सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "काय प्रेमलताबाई, नवरदेव घरचाच दिसतो!" सगळे हसले. मीही हसले. गोपाळराव वाईट माणूस नाही, त्यांनी थट्टा केली आणि विसरून गेले. मी जागेवर आले, पान नऊ काढलं, आणि दहाव्या पानाच्या आकड्यावर पांढरा रंग लावून त्याचं नऊ केलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला कळलंही नसतं.

आणखी एक सांगते, मग हात मोकळा होईल. त्यानंतर केंद्रात लोक म्हणू लागले, बाई कशी आहे बघा, सख्ख्या भावालासुद्धा सोडलं नाही. मला ते गोड वाटलं. गोपाळरावांनी त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'निःपक्षपाती' असं लिहिलं आणि मला बोलावून दाखवलं. तू हैदराबादच्या कुठल्याशा क्लासमध्ये पोरांना कंप्युटरचं बेसिक शिकवत होतास तेव्हा मी तो शब्द तीनदा वाचला.

ते नववं पान मी फाडलं नव्हतं. का, ते मला माहीत नाही. आईच्या ट्रंकेत तळाशी होतं. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. मूळ माझ्याकडे ठेवलंय, ते मला समितीपुढे ठेवायचं आहे.

तुझ्या कार्डाचंही एक खोटं आहे. मी कार्ड वाचून दाखवते तेव्हा बाबा दरवेळी विचारतात, "तुह्यासाठी काय लिवलं?" तू काही लिहिलेलं नसतं. मी म्हणते, "ताईला नमस्कार, असं आहे शेवटी." दोन वर्षं मी हे म्हणतेय. चष्मा आला की ते स्वतः वाचतील.

प्रेमा


रविवार, २१ ऑगस्ट १९८८

कवडू,

समितीपुढे नववं पान ठेवलं. खोलीत पंखा फिरत होता, कागद उडू नये म्हणून मी त्यावर बोट ठेवून बोलले. गोपाळरावांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, हे तुम्ही दडवलंत? तुम्ही?" मी हो म्हटलं. चुकून राहिलं असं म्हणायची वाट त्यांनी मला पुढे दोनदा करून दिली. मी त्या वाटेने गेले नाही.

पुन्हा चाचणी होणार, ५ आणि ६ सप्टेंबरला. ती श्रीधर करेल. मी त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, ही अट समितीने घालायच्या आधी मीच घातली. मला चाचणी विभागातून काढून माहिती भरणीत पाठवलंय. खाली तळमजल्यावर टर्मिनलवर बसते आणि फॉर्म भरते. अक्षर नीट लागलं नाही की थांबते. नऊ वर्षं ज्यांना मोजलं त्यांच्यात आता मी एक आहे. चौकशीचं काय होईल ते होवो, त्याची काळजी तू करू नकोस. तू करत नसशील, पण लिहिण्याची पद्धत असते.

टेप अजून आली नाही. ३१ ऑगस्टपर्यंत आली नाही तर श्रीधर एकटा कंपनीचा कर्नेल मोजून मोकळा होईल आणि अकरा दवाखान्यांच्या रांगा दहा वर्षं साडेनऊला थांबतील. तू मला शिक्षा देत असशील तर ती मला दे. रामटेकच्या त्या बाईला देऊ नकोस. हे मी लिहायला नको होतं, अपराध्याने न्याय शिकवल्यासारखं झालं. पण खोडत नाही. या घरात खोडाखोड पुष्कळ झाली.

शनिवारी राखी आहे. या पाकिटात मी राखी घातलेली नाही. राखी पाठवून टेप काढून घेतली असं व्हायला नको.

प्रेमा


रविवार, ११ सप्टेंबर १९८८

कवडू,

टेप ३० ऑगस्टला आली. रजिस्टर पार्सलने, केंद्राच्या नावाने, माझ्या नाही. आत चिठ्ठी नव्हती. श्रीधरने मला फक्त वरचं लेबल दाखवलं. तुझं अक्षर होतं आणि तारीख मार्च १९८६ होती. म्हणजे तू तीच पाठवलीस. दोन वर्षांत त्यात एक ओळ बदलली नाहीस. सुधारून पाठवली असतीस तर लोक म्हणाले असते, तेव्हा कच्चा होता, आता पक्का झाला, आणि माझं पाप थोडं झाकलं गेलं असतं. तू तेवढी फट ठेवली नाहीस. बरोबर केलंस.

चाचणी झाली. स्क्रिप्टा नव्हत्याच. दवाखान्यातून मीराबाई आणि आणखी चार जणी आल्या, जुने केसपेपर घेऊन, आणि केंद्रातली पोरं त्यांच्यासमोर रोगी म्हणून उभी राहिली. एकाने बहिऱ्याचं सोंग इतकं छान केलं म्हणे, की मीराबाई त्याच्यावर खऱ्याच चिडल्या. मी खाली तळमजल्यावर होते. हसण्याचा आवाज जिन्यावरून येत होता. मी फॉर्म भरत राहिले.

आता आकडे, सगळे. नुसत्या खिडक्या चालू असताना दोन्ही कर्नेल सारखे. खिडक्या आणि सोबत अहवाल चालू असताना कंपनीचा एकोणीस सेकंदं, तुझा दोन. नुसता अहवाल असताना कंपनीचा एकतीस मिनिटं, तुझा चव्वेचाळीस. इथे तू मागे पडलास, चांगलाच पडलास, आणि तेही अहवालात आहे. पान आठ. कोणी काढलेलं नाही. काल समितीने ठरवलं की अकराही दवाखान्यांत खिडक्यांच्या यंत्रात तुझा कर्नेल बसेल आणि आपल्या मोठ्या दवाखान्यातलाही बदलेल. पहिल्या पानावर तुझं नाव आहे, पूर्ण. कवडू नत्थूजी गिरडे. केशवचंही आहे. श्रीधर पत्र धाडेल, बसवून द्यायला तुला बोलावतील. आलास तर कुठे उतरायचं ते तू ठरव. मागची खोली झाडून ठेवली आहे.

काल संध्याकाळी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांना नवा चष्मा आलाय, काचा इतक्या जाड की डोळे चेहऱ्यापेक्षा मोठे दिसतात. आकडे त्यांनी शांतपणे ऐकले. मग एवढंच विचारलं, "कोनं मोजलं?"

"श्रीधरनं. मी नाही, बाबा. मी खाली होते."

"मंग खरं असन," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. त्यांना बराच वेळ लागला पुसायला.

मग त्यांनी उशाखालून तुझं कार्ड काढलं. शुक्रवारीच आलं होतं, मला दाखवलं नव्हतं. "आता मी वाचतो, तू आयक," म्हणाले. कार्ड नाकाजवळ धरून, एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं. चष्मा जमला असेल. पथ्य सांभाळा. इकडे पाऊस आहे. प्रकृती बरी आहे. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "ताईले नमस्कार."

मी उठून आत गेले, चूल नसताना चुलीचा धूर डोळ्यांत गेल्यासारखं करत.

आज सकाळी कार्ड पत्रांच्या तारेला लावायला घेतलं तेव्हा वाचलं. ती ओळ त्यात नाही. पत्ता पण बघितला, कडेला आडवं काही लिहिलंय का तेही बघितलं. नाही. म्हणजे दोन वर्षं मी काय वाचत होते हे त्यांना माहीत होतं, आणि काल त्यांनी ते मला परत वाचून दाखवलं.

मी त्यांना काही बोलले नाही. तुला सांगते. ती ओळ तू माझ्यासाठी लिहू नकोस, आणि मनात नसताना बाबांसाठीही लिहू नकोस. या घरात आता कोणाचंही माप वाढवून किंवा कमी करून धरायचं नाही. पण कधी खरोखर लिहावीशी वाटली, एका वर्षाने म्हण की पाच वर्षांनी, तर ठळक अक्षरात लिही. बाबांना आता दिसतं.

प्रेमा